लॉनमधल्या लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन : पुडी एकराची, अंगण हजार फुटांचं

जळगाव-भुसावळ-धुळ्याकडच्या बंगल्यांपुढचं लॉन बिघडलं की त्यामागे बहुतेक वेळा लव्हाळाच असतो. गाजरगवत उपटता येतं, घोळ खुरप्याने निघते, केना ओढला की हातात येतो. लव्हाळा मात्र सोमवारी उपटावा आणि गुरुवारी त्याच जागी बोटभर उंच उभा दिसावा. म्हणून शेवटी माणूस कृषी सेवा केंद्राची पायरी चढतो आणि तिथे त्याच्या हातात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के डब्ल्यूजी (पाण्यात पसरणारे दाणे) हे तणनाशक येतं. आपल्याकडे ते सेम्प्रा या नावाने जास्त ओळखलं जातं. हे परीक्षण त्याचंच, पण उसाच्या वावरातलं नाही. पाचशे-हजार चौरस फुटांच्या हिरवळीवर ते कसं वागतं, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी तण ओळखा, नाहीतर पैसे वाया. लव्हाळ्याचा दांडा बोटांत धरून फिरवला की तीन कडा लागतात. गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो, तिधारी कधीच नसतो. लव्हाळ्याची पानं बुडातून तीन-तीनच्या रांगेत फुटतात, चकचकीत असतात आणि कापणीनंतर दोन दिवसांत बाकीच्या लॉनच्या वर डोकं काढतात. खाली काळपट, सुवासिक गाठी असतात. उटण्यात पडणारा नागरमोथा तो हाच. तिधारी दांडा नसेल तर हे औषध घेऊच नका. रुंद पानांच्या तणांवर त्याचा भरवसा नाही, घोळीवर तर नाहीच.

उपटून तो का जात नाही, हे कळलं की औषधाचं काम आपोआप कळतं. जमिनीत गाठींची माळ असते, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी. शेंड्याची गाठ फुटलेली असते आणि तिच्या दबावाखाली मागच्या गाठी झोपून राहतात. आपण ओढलं की वरचा कोंब तुटतो, खुरप्याने माळही तुटते, आणि झोपलेल्या गाठी एकेक करून मोकळ्या होऊन फुटतात. म्हणजे खुरपणीने एकाचे चार होतात. बऱ्याच गाठी वरच्या १५ सेंटिमीटरमध्येच असतात, पण काळ्या मातीला भेगा पडतात आणि त्या भेगांतून काही गाठी आणखी खाली गेलेल्या असतात. रुंद पानांच्या तणांवरचं २,४-डी हे तणनाशक मारलं तर वरचं पान करपतं, गाठ शाबूत राहते. हॅलोसल्फ्युरॉन पानातून शिरून खाली गाठीपर्यंत उतरतं आणि वाढीला लागणारी काही अमिनो आम्लं तयार होणंच बंद पाडतं. वनस्पती जळत नाही, उपाशी मरते. याच कारणाने औषध हळू चालतं, आणि याच कारणाने अनेकांचा त्याच्यावरचा विश्वास चौथ्या दिवशीच उडतो.

हरळीला त्याने धक्का लागत नाही, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. नर्सरीत सिलेक्शन म्हणून मिळणारी हरळी असो, कोरियन कार्पेटसारखी झॉयशिया असो किंवा सावलीत लावलेलं बफेलो गवत असो, मुळं धरलेल्या लॉनवर योग्य मापात ते चालतं. (गंमत अशी की वावरात जिला संपवायला शेतकरी वर्षानुवर्षं झगडतो, तीच हरळी बंगल्यात फुटाच्या भावाने विकत आणून लावली जाते.) नुकतंच बी टाकलेलं किंवा तयार गवताचे ताजे गादे अंथरलेलं लॉन असेल तर किमान ४ आठवडे थांबा, निदान दोन कापण्या होऊ द्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडच्या लेबलावर ऊस आणि मक्यासारखी पिकं आहेत, बंगल्याचं लॉन नाही. अमेरिकेत मात्र हाच घटक खास हिरवळीसाठी सेजहॅमर नावाने विकला जातो आणि तिथल्या हिरवळीच्या मापाची वरची बाजू आपल्या उसाच्या एकरी ३६ ग्रॅमच्या जवळपास जुळते. त्यामुळे माप नवीन शोधायला लागत नाही. एकराचं माप फुटांत उतरवायचं, एवढंच काम. आणि गोंधळ होतो तो इथेच.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याला ३६ ग्रॅम, म्हणजे १,००० चौरस फुटांना फक्त ०.८३ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या खाली बोलत नाही, आणि चमच्याच्या टोकाने अंदाज घेणाऱ्याचं औषध हमखास दुप्पट-तिप्पट पडतं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा सराफी काटा लागतो. सुवर्णनगरी जळगावात तो शोधायला लांब जायला नको. फक्त औषधासाठी घेतलेला काटा औषधासाठीच ठेवा, परत सोन्याला किंवा मसाल्याला लावू नका. काटा नसेल तर गल्लीतल्या चार घरांनी मिळून पुडीचा दहावा भाग, म्हणजे ३.६ ग्रॅम, दुकानात मोजून घ्यावा आणि १ लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं २३० मिली द्रावण दर हजार फुटांना पंपाच्या पाण्यात मिसळायला घ्यावं. लिटरभरात साधारण ४,३५० चौरस फूट होतात. प्रत्येक वेळी ओतण्याआधी बाटली नीट हलवा, दाणे खाली बसतात. हे द्रावण त्याच दिवशी संपवायचं.

पाणी किती? पंपात साधं पाणी भरा, फरशीवर १० बाय १० फुटांचा चौकोन खडूने आखा आणि नेहमीच्या चालीने एकदा फवारा. अर्धा लिटर गेलं तर माप बरोबर आहे: हजार फुटांना ५ लिटर. पाऊण लिटर गेलं तर हजार फुटांना साडेसात लिटर पाणी घ्या, पण औषध ०.८३ ग्रॅमच ठेवा. लोक नेमकं उलट करतात. 'पंपाला अमुक ग्रॅम' हे पाठ असतं, फुटांचा हिशेब कुणी करत नाही. ५ लिटरच्या चालीने १६ लिटरचा पंप ३,२०० फुटांना पुरतो आणि त्यात २.६५ ग्रॅम औषध बसतं. एवढं मोठं लॉन नसेल तर पंप भरूच नका, उरलेलं औषध 'वाया कशाला घालवायचं' म्हणून परत त्याच गवतावर पडतं आणि हरळी पिवळी होते.

नोझल पंख्यासारखा पसरणारा, म्हणजे कट नोझल घ्या. गोल फवारा देणाऱ्या नोझलने कडेला थेंब उडतात. औषध आधी ग्लासभर पाण्यात ढवळायचं, मग अर्ध्या भरलेल्या पंपात ओतायचं, मग उरलेलं पाणी, आणि शेवटी स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव. स्टिकर विसरू नका, कारण लव्हाळ्याचं पान मेणचट असतं, त्याशिवाय थेंब घरंगळून जातात. साधं नॉन-आयोनिक स्टिकर लिटरला २.५ मिली, म्हणजे ५ लिटरला साडेबारा मिली. सिलिकॉनचं स्प्रेडर असेल तर ते फार कमी लागतं, त्याच्या डबीवरचं माप पाळा.

वेळ चुकली तर वर सांगितलेलं सगळं पाण्यात. खान्देशात हे औषध आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) उन्हात मारू नये. पारा ४५ च्या आसपास असताना थेंब पानावर सुकून जातो, हरळी तहानलेली असते, लव्हाळाही वाढ थांबवून बसलेला असतो, आणि न वाढणाऱ्या झाडात औषध गाठीपर्यंत उतरत नाही. योग्य काळ म्हणजे पावसाला सुरुवात झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, लव्हाळा ३ ते ८ पानांवर असताना, तुरा काढण्याआधी. उगवल्यावर ४ ते ६ आठवड्यांत तो नव्या गाठी धरू लागतो, त्याच्या आत गाठलं तर निम्मी लढाई तिथेच होते. साधारण जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा. ज्यांच्याकडे बारमाही पाणी आहे त्यांना फेब्रुवारीअखेर-मार्चची एक खिडकी मिळते, तीही चांगली.

फवारणीआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस कापणी नाही. ही अट सर्वांत जास्त मोडली जाते. माळी येतो, आधी मशीन फिरवतो, 'आता स्वच्छ झालं, मारा औषध' म्हणतो. स्वच्छ झालं म्हणजे औषध घ्यायला पानच उरलं नाही. फवारल्यावर किमान ४ तास पाऊस नको आणि स्प्रिंकलरही नको. त्या दिवशी टायमर बंद करा, नाहीतर संध्याकाळी तो आपोआप सुरू होऊन सगळं धुऊन टाकतो. जुलैत सकाळी दव सुकल्यावर, साधारण ८ ते १० मध्ये वारा कमी असताना फवारणं सोयीचं. दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्या. गवत पूर्ण सुकेपर्यंत मुलं आणि कुत्रं आत नको.

पुढे काय दिसेल? दोन-तीन दिवस काहीच नाही. वाढ थांबलेली असते, पण ती डोळ्यांना कळत नाही. सातव्या ते दहाव्या दिवशी मधलं कोवळं पान पिवळं पडू लागतं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात झाड तपकिरी होऊन वाळतं. या काळात खुरपं अजिबात चालवू नका. अर्धवट मेलेली माळ तुटली तर मागच्या गाठींपर्यंत औषध पोहोचायच्या आधीच त्या सुटतात. चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून दुसरी फवारणी करणारे तर बरेच. त्याने लव्हाळा लवकर मरत नाही, हरळी मात्र महिनाभर खुरटते.

एका फवारणीत लॉन साफ होणार नाही, हे दुकानातच कुणी सांगायला हवं, पण क्वचितच सांगतात. ज्या गाठी त्या दिवशी झोपलेल्या होत्या त्या नंतर फुटतात. दुसरी फवारणी ६ ते १० आठवड्यांनी, नव्या कोंबांना परत ३-४ पानं आल्यावर. जुलैच्या आरंभी पहिली झाली तर दुसरी पोळ्याच्या आसपास येते. आणि इथे एक खास आपल्याकडची खबरदारी: त्याच सुमारास गणपती बसतात आणि शेजारपाजारचे लोक लॉनमधून दूर्वा खुडून नेतात. फवारलेल्या लॉनची दूर्वा देऊ नका, कापलेलं गवत बकरीला-गायीला टाकू नका, सशालाही नाही. गेटवर एक पाटी लावली की भागतं.

ज्या घराच्या कुंपणापलीकडे कपाशी आहे त्यांच्यासाठी पुढचं जास्त महत्त्वाचं. लॉनमध्ये लव्हाळ्यासोबत रुंद पानांचं तण असतंच आणि दुकानदार त्यासाठी २,४-डी पुढे करतो. लॉनमधल्या रुंद पानांवर ते काम करतं, यात शंका नाही. पण कपाशी २,४-डीला कमालीची हळवी आहे. हरळी सहन करेल एवढ्या औषधाची नुसती वाफ किंवा उडालेली फवार कपाशीवर गेली तरी नवी पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, बोटांसारखी अरुंद निघतात आणि पात्या गळतात. २,४-डीच्या ईथाइल ईस्टर प्रकाराची वाफ तर उन्हात दूर जाते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शहरांच्या कडेला जिथे प्लॉट संपतो तिथे वावर सुरू होतं, तिथे जून ते नोव्हेंबर २,४-डीचं नावही काढू नका. त्याचा अमाइन सॉल्ट हा प्रकारसुद्धा नको. रुंद पानांची तणं खुरप्यानेच काढा, पावसानंतर माती ओली असताना ती मुळासकट निघतात. सराटा आणि दुधी (भाजीचा नव्हे, तण) फुलायच्या आत काढले तर पुढच्या वर्षी निम्मे श्रम वाचतात.

पंपाचंही तसंच. शेतावरचा पंप घरी आणून लॉनवर मारणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत, आणि लॉन जळण्याचं एक मोठं कारणही. टाकीच्या तळाशी, नळीत, गाळणीत आधीचं ग्लायफोसेट हे तणनाशक राहिलेलं असतं आणि ते हरळी-लव्हाळा असा भेद करत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत करायचा आहे, घरच्या घरी मारायचं ते औषधच नाही. पॅराक्वाट कुणी सुचवलं तर सरळ नको म्हणा. ते लव्हाळ्याचं फक्त वरचं पान जाळतं, हरळीही जाळतं, आणि चुकून पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. लॉनसाठी ५ किंवा ८ लिटरचा वेगळा पंप घ्या, त्यावर रंगाने 'लॉन' असं लिहा आणि तो वावरात जाऊ देऊ नका.

जास्वंद, गुलाब, शेवंतीच्या वाफ्याकडेने फूटभर पट्टा सोडून फवारा. त्या पट्ट्यातल्या लव्हाळ्याला हातमोजा घालून स्पंजने तेच द्रावण पानावर पुसा. खान्देशातल्या मातीचा सामू (पीएच) बहुधा वरच्या बाजूला असतो आणि या गटातली औषधं अशा मातीत सावकाश विघटित होतात. त्यामुळे फवारलेल्या जागी लगेच फुलझाडांचा किंवा भाजीचा नवा वाफा करू नका, एक हंगाम जाऊ द्या.

औषध कितीही चांगलं असलं तरी लव्हाळ्याला बोलावणाऱ्या सवयी चालू राहिल्या तर तो परत येतो. रोज संध्याकाळी नळीने थोडं थोडं पाणी मारणं ही पहिली सवय. वरची दोन बोटं माती कायम ओली राहते, हरळीची मुळं वरच बसतात आणि लव्हाळ्याची चंगळ होते. आठवड्याला इंचभर पाणी म्हणजे हजार फुटांना साधारण २,३६० लिटर, ते दोन-तीन वेळांत खोलवर द्या. ५,००० लिटरचा टँकर दोन आठवडे पुरतो असा हिशेब धरा, मे महिन्यात तोही कमी पडतो. एवढं पाणी परवडत नसेल तर लॉनच लहान करा, अर्धमेल्या हरळीत लव्हाळाच जिंकतो. दुसरी सवय जमिनीलगत कापण्याची. हरळी एक ते दीड इंचावर ठेवा आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. पावसाळ्यात दर महिना-दीड महिन्याने हजार फुटांना अर्धा किलो युरिया सुक्या पानांवर पसरून लगेच भरपूर पाणी दिलं की हरळी दाट होते आणि मोकळी जागा भरून काढते. बोअरच्या जड पाण्याने गवत पिवळं पडलं असेल तर तिथे युरिया वाढवून उपयोग नाही, ५० ग्रॅम फेरस सल्फेट १० लिटर पाण्यात घालून हजार फुटांवर सकाळी फवारा. फरशीवर पडलं तर गंजाचे डाग निघत नाहीत, कड आधी ओली करून घ्या.

आणि माती. नव्या लॉनखाली टाकलेली काळी माती किंवा धरणाचा गाळ हाच अनेकदा लव्हाळ्याचा पहिला प्रवेश असतो. ट्रॉली उतरण्याआधी मूठभर माती पाण्यात धुऊन पाहा, हरभऱ्याएवढ्या काळपट गाठी दिसल्या तर ट्रॉली परत पाठवा. शेणखत पूर्ण कुजलेलं नसेल तर त्यातून गाजरगवत येतं. लॉन लावण्याआधी पाणी देऊन तण उगवू द्यायचं, काढायचं, परत एकदा तेच करायचं. यात महिना जातो, पण पुढची तीन वर्षं सोपी जातात. एप्रिल-मेमध्ये ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक ४ ते ६ आठवडे अंथरलं तर तणांचं बी मरतं, आपलं ऊन तिथे तरी कामी येतं. खोलवरच्या गाठी मात्र त्याने मरत नाहीत.

गुण द्यायचे तर लव्हाळ्यासाठी ५ पैकी ४. एक गुण कापला तो पॅकिंगचा. ३६ ग्रॅमची पुडी एकराला बरोबर आहे, पण हजार फुटांच्या अंगणवाल्याला ती ४३ फवारण्यांची होते. रुंद पानांसाठी ५ पैकी १, लावलेल्या हरळीला सुरक्षितपणाबद्दल साडेचार. घेताना नाव न पाहता घटक वाचा: हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के डब्ल्यूजी. त्याच काउंटरवर अ‍ॅट्राझीनही 'गवताचं औषध' म्हणून मिळतं आणि ते हरळीवर मारायचं नाही. बिल घ्या, त्यावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असू द्या.

चार घरांनी पुडी वाटून घेतली तरी उरलेलं औषध कागदाच्या पुडक्यात किंवा चटणीच्या डबीत वाटू नका. मूळ पाकिटातच, तोंड घट्ट दुमडून, सिलिका जेलच्या पुडीसोबत झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर नाव व तारीख लिहा. ओल लागली की दाण्यांचा गोळा होतो, तो पाण्यात नीट पसरत नाही आणि वजनाचा हिशेबही चुकतो. असं गोळा झालेलं औषध पुढच्या जूनमध्ये वापरू नका.